लाकडी रेल्वेची इंजिनियर

२० एप्रिल २०२५

ज्योत्स्ना बाई,

जयभीम. मी तुझी आजी कौसल्या, ओट्यावर बसून लिहून राह्यले. गुडघे सोडले तर बाकी सगळं बराबर आहे. फोनवर तू काय बोलतीस ते मला ऐकू येत न्हाई, आणि ते कानातलं मशीन घातलं की कुकरसारखी शिट्टी वाजते. तुझी आई म्हणली, आत्या, तुम्ही कागदावर लिहा, मी फोटो काढून पाठवते. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं एवढ्या वर्षानं कामाला आलं बघ. अक्षर वाकडंतिकडं आहे, समजून घे. तू पहिलीत असताना तुझं बी असंच होतं, कोंबडी चालल्यासारखं.

आता खुशीची गोष्ट. जयंतीला आपल्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागला! घनसावंगीच्या जीपा थांबतात तिथंच, बांबू रोवून. तू आईला पाठवला होता तो पिवळ्या टोपीतला फोटो आहे. खाली लिहिलंय, 'आमच्या गावची लेक, अमेरिकेत लाकडी रेल्वेची इंजिनियर, कु. ज्योत्स्ना संपत खरात हिचे हार्दिक अभिनंदन.' मी बोट लावून लावून वाचलं. 'अभिनंदन'ला अडकले, पण वाचलं. बाजूला काकासाहेब हात जोडून उभा. तोच, मागच्या खेपेला सरपंचकीला पडला तो. तू एवढीशी आणि तो एवढा! मी म्हणलं, काकासाहेब, रेल्वे तू बांधली का माझ्या नातीनं? तर म्हणतो, आज्जी, खर्चा कुणी केला?

आता मी रोज ऊन उतरलं की फाट्यावर जाऊन त्या फ्लेक्सखाली बसते. गुडघे दुखतात, पण बसते. जीपमधून उतरणारी माणसं विचारतात, ही कोण हो? मी म्हणते, लिहिलंय की वर, वाचा.

एक सांग. ती रेल्वे कुठून कुठं जाते? शेजारच्या तुळजाबाईनं विचारलं तर मला सांगता येईना. मी म्हणलं, लई लांब जाते.

तुझी आजी


२७ एप्रिल

प्रिय आजी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोबाइलवर बोटांनी मोठं करून, एकेक ओळ सरकवत. तुला वाचायला सोपं जावं म्हणून मीही कागदावर मोठ्या अक्षरात लिहितेय.

आजी, ती रेल्वे कुठंच जात नाही. ही करमणुकीची बाग आहे. आपल्याकडं जत्रेत पाळणे येतात ना, तसं, पण कायमचं. त्यात लाकडाचा एक मोठा सांगाडा आहे, आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीहून उंच. त्यावर रूळ. साखळीने गाडी वर ओढतात आणि माथ्यावरून सोडून देतात. ती धाडधाड खाली येते, पुन्हा चढते, पुन्हा पडते आणि जिथून निघाली तिथंच येऊन थांबते. माणसं उतरतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात.

सांगाडा फार जुना आहे. गाडी गेली की सगळा हलतो. पहिल्यांदा मी घाबरले होते. आमचा मुकादम म्हणाला, हलतो म्हणून टिकलाय, ताठ असता तर कधीच मोडला असता.

माझं काम सकाळचं. माणसं यायच्या आधी त्या रुळांवरून चालायचं, कमरेला पट्टा बांधून. हातात हातोडी आणि पाना. एकेक नट ठोकायचा. घट्ट असला की एक आवाज येतो, ढिला असला की दुसरा. फळी कुजली असेल तर खडूने खूण करायची. मग रिकामी गाडी सोडून बघायची. हे रोज. आज जे आवळलं ते गाडी उद्या पुन्हा ढिलं करते.

म्हणून सांगते, मी बांधणारी इंजिनियर नाही. ते लोक वेगळे. मी दुरुस्तीच्या टोळीत आहे. पदवी आहे, पण काम हातोडीचं आहे. बोर्डावर एवढं लिहायला नको होतं.

बाकी बरं आहे. थोडी दमते. खोलीवर आले की बूट काढायचे राहून जातात, तशीच आडवी होते.

तुझी ज्योत्स्ना


१२ मे, बुद्धपौर्णिमा

ज्योत्स्ना बाई,

आज विहारात खीर होती. तुझ्या वाटची मी खाल्ली, राग धरू नको.

तुझं पत्र मी ओट्यावर सगळ्या बायांना वाचून दाखवलं. हसून हसून तुळजाबाईच्या पोटात कळ आली. म्हणली, म्हणजे माणसं पैसे देऊन वर जातात, बोंबलत खाली येतात, आणि परत रांग लावतात? मी म्हणलं, हो. ती म्हणली, आमच्या घरी फुकटात मिळतंय की हे, माझ्या नवऱ्याजवळ बसवा त्यांना. बेबीनंदा म्हणली, तिकडच्या लोकाला काही काम न्हाई का? मी म्हणलं, काम आहे म्हणून तर बोंबलायला जातात.

तू टोळीत आहेस असं लिहिलं. मला का टोळी माहीत न्हाई? अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस घालताना मी आणि तुझा आजा किती हंगाम टोळीत होतो. शिकलेलं माणूस टोळीत गेलं की ते मुकादमच होतं, कोयता बाकीच्यांच्या हातात. तू लहानपणापासून अशीच, पहिला नंबर आला तरी सांगायची न्हाईस, मास्तरीण घरी येऊन सांगायची. मी बायांना बराबर समजावून सांगितलं की मुकादमीणच आहे, पण मोठेपणा करत न्हाई. आणि ते बोर्डाचं काही मनाला लावून घेऊ नको. काकासाहेबाच्या फोटोखाली 'जनसेवक' लिहिलंय, त्याच्यापरीस तुझं खरं आहे.

दमतेस ते जेवत न्हाईस म्हणून. ज्वारीचं पीठ मिळत न्हाई का तिकडं? लसणाची चटणी तुझ्या आईनं कुटून ठेवली, पण पाठवावी कशी, विमानात वास सुटंल म्हणती.

आणखी एक. काकासाहेब म्हणून राह्यला, ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाला तुला पाव्हणी म्हणून बोलवायचं. स्टेजवर खुर्ची, शाल, भाषण. शाळेतल्या पोरी तुझ्या फ्लेक्सकडं बोट दाखवतात, मला म्हणतात, आजी, आम्ही बी लाकडी रेल्वेत जाणार. मी म्हणते, जा, माझी नात आहे तिथं, तिला नाव सांगा.

इतकी खुशी मला तुझ्या बापाच्या लग्नात बी झाली न्हवती. तिथं पाऊस आल्ता.

आजी


२२ जून

प्रिय आजी,

उशीर झाला. इथं आता उन्हाळा, शाळांना सुट्ट्या, त्यामुळं बाग रोज उघडी. संध्याकाळपर्यंत लाकूड तापतं आणि गाडी सकाळपेक्षा जोरात पळते. जोरात पळाली की जास्त ढिलं होतं. मग सकाळी आमचं काम वाढतं. टोळीतला एक जण सोडून गेला, त्याचा भागही माझ्याकडं आलाय.

मी मुकादमीण नाही, आजी. खरंच नाही.

एक बातमी आहे. हा सांगाडा हंगाम संपला की काढणार आहेत. लाकूड फार जुनं झालं, दुरुस्ती परवडत नाही म्हणतात. त्या जागी लोखंडी गाडी येईल. आमचा मुकादम आयुष्यभर इथं आहे, त्यानं ते ऐकलं, हातोडी उचलली आणि वर चढला.

धम्मचक्र दिनाचं कुणाला काही कबूल करू नकोस.

ज्योत्स्ना


६ जुलै

ज्योत्स्ना बाई,

लाकडाचं काढून लोखंडाचं करणार, किती चांगलं झालं! आता नवी रेल्वे तूच बांधशील. जुनं सगळं तुला तोंडपाठ, तुझ्याशिवाय दुसरं कुणाला सांगतील? मी जल्दी जाऊन काकासाहेबाला सांगितलं. त्यानं घनसावंगीहून पट्टी छापून आणली आणि फ्लेक्सवर चिकटवली, 'आता नवीन लोखंडी रेल्वेची जबाबदारी'. पट्टी थोडी वाकडी बसली, तुझ्या हनुवटीवर आलीय. पण लांबून दिसते.

तुझा बाप खुरपणीच्या बाया मिळंनात म्हणून वैतागला होता, तो बी पट्टी बघायला फाट्यावर गेल्ता. घरी येऊन दोन कप चहा पिला. तुला माहीत आहे तो कधी दोन कप पितो.

तुझ्या पत्रात या खेपेला हसण्यासारखं काही न्हवतं. बायांनी विचारलं, पुढं वाच की. मी म्हणलं, संपलं. मंग मीच थोडं माझ्या मनचं जोडून वाचलं. त्या मुकादमाला माझा जयभीम सांग. त्याचं वय काय? गुडघे कसे आहेत?

आजी


३ ऑगस्ट

आजी,

हे पत्र आईसुद्धा वाचेल, मला माहीत आहे. तिला फोनवर सांगायला तोंड उघडलं नाही, म्हणून तुला लिहिते.

नवी गाडी मी बांधणार नाही. ती बाहेरची कंपनी येऊन बांधणार. आमची सगळी टोळी सप्टेंबरअखेर सुटणार. काम सुटलं की इथं राहायला थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरं शोधायचं, नाही तर परत जायचं. दुसरं मिळेलही. कामावर ओळख झालेल्या एका मॅडमनी दुसऱ्या राज्यातल्या बागेसाठी विचारलं आहे. मी अजून हो म्हणाले नाही.

माझं काही वाईट झालेलं नाही, आजी. कुणी त्रास दिला नाही, मी आजारी नाही. मी थकले आहे. जेवणाने जाणारा हा थकवा नाही. मागच्या आठवड्यात मी एक आख्खा उतार चालून खाली आले आणि मला आठवेना की मी नट ठोकले की नुसती चालत आले. हातात हातोडी होती, पण आवाज एकही आठवत नव्हता. परत वर गेले, पहिल्यापासून सगळं ठोकलं. गाडी उशिरा सुटली, बोलणी खाल्ली. बोलण्यांचं काही नाही. पण मी परत वर गेले नसते तर? त्या दिवशी पहिल्या गाडीत शाळकरी वयाची पोरं होती. हात वर करून बसली होती सगळी.

तेव्हापासून मला एकच सुचतं. घरी यावं. काही करायला नाही, नुसतं यावं.

पण जीप फाट्यावरच थांबते, आजी. मी बॅग घेऊन उतरणार, आणि वर मीच असणार, पिवळ्या टोपीत, नव्या रेल्वेची जबाबदारी घेऊन. खाली सगळे उभे. शाळेच्या पोरी. काकासाहेब शाल घेऊन. त्या बोर्डाखाली मला उतरता येणार नाही. त्यापेक्षा दुसऱ्या राज्यात जाऊन पुन्हा नट ठोकणं सोपं वाटतं. महिनाअखेरपर्यंत त्या मॅडमना कळवायचं आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी खुशी मला मोडायची नव्हती.

ज्योत्स्ना


२४ ऑगस्ट

आजी, तीन आठवडे झाले. आई फोनवर फक्त पावसाचं बोलते. रागावलीस का? एक ओळ लिही.

ज्यो.


२७ ऑगस्ट

ज्योत्स्ना बाई,

मी कशाला रागवू? मला शिडी मिळत न्हवती.

थांब, पहिल्यापासून सांगते. तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझ्या आईनं मला ते वाचायला दिलं, फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि गोठ्यात गेली. बऱ्याच वेळानं आली तर डोळे लाल. म्हणली, धूर गेला डोळ्यात. गोठ्यात कसला धूर? तुझा बाप म्हणला, दुसरं काम मिळून राह्यलं तर करावं की आणखी थोडे दिवस. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो मंग बैलाला पाणी दाखवायला गेला. बैलाला नुकतंच दाखवलं होतं.

बुटासकट झोपणारी माणसं मी बघितलेली आहेत. उसाच्या फडात असताना आम्ही अशीच झोपायचो, अंगावरचं पाचट बी न झटकता. ते तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतं आणि मी तुला ज्वारी खायला सांगून राह्यले. जाऊ दे.

मंग मी काकासाहेबाकडं गेले. म्हणलं, बाबा, फ्लेक्स उतरव. तो म्हणला, आज्जी, असं कसं, झेडपीची निवडणूक तोंडावर आहे. मी म्हणलं, माझी नात घरी येणार, तिला तो नको. तर त्याचं तोंड फुललं! येऊन राह्यली? मंग तर आपण फाट्यापासून ढोल लावू, ट्रॅक्टर सजवू, पोरीला उभी करू. मी हात जोडले आणि उठले. परत चार-पाच वेळा गेले. कधी तो जालन्याला गेलेला, कधी झोपलेला. झोपलेला म्हणून सांगायचे आणि आत टीव्ही चालू. मला ऐकू येत न्हाई, पण दिसतं ना.

मंग पाऊस लागला. सोयाबीन पाण्यात, फाट्यावर चिखल. तुळजाबाईच्या घरची शिडी तिच्या जावयाकडं होती. तो रंगाचं काम करतो, शिडी सोडत न्हाई. काल मिळाली.

आज दुपारी उघडलं. मी तुझ्या आईला म्हणलं, दैवशाला, विळा घे. तिनं विचारलं बी न्हाई कशाला. पदर खोचला आणि निघाली. शिडी आम्ही दोघींनी धरून नेली, गावातून, सगळ्यांदेखत. लपून कशाला करायचं? तुझी आई वर चढली, मी खालून शिडी धरली. मला वाटलं सगळाच फ्लेक्स काढावा. पण वरून तुझी आई ओरडून म्हणली, आत्या, त्याचा फोटो आपला न्हाई, त्यानं खर्चा केलाय. बरोबर आहे तिचं. मंग तिनं नुसती तुला कापली. टोपीच्या वरून सुरू केलं, पट्टी, नाव, इंजिनियर, सगळं चौकोनी कापून काढलं. वारा होता, तू फडफड करत होतीस, मी म्हणले, सांभाळ, गळा कापशील पोरीचा! तुझी आई शिडीवर हसायला लागली. मी तिला असं हसताना तू गेल्यापासून बघितलं न्हवतं. शिडी हालून राह्यली आणि आम्ही दोघी हसून राह्यलो.

तेवढ्यात घनसावंगीची जीप आली. आतून एक जण ओरडला, काय आज्जी, बिल भरलं न्हाई का? मी म्हणलं, न्हाई बाबा, माझी नात घरी येऊन राह्यली. घरी येणारं माणूस असं फाट्यावर टांगून ठेवतात का? दुसरी एक बाई उतरली, उषाबाई, तुझ्या बापाच्या मामेबहिणीची जाऊ. तिला सगळं पाहिजेच. म्हणली, म्हणजे नोकरी सुटली म्हणा की. मी म्हणलं, सुटली. ती म्हणली, का बरं? मी म्हणलं, थकली. ती म्हणली, एवढ्या तरण्या वयात? मी म्हणलं, हो. तू थकत न्हाईस का?

ती नुसती पिशवी सावरून राह्यली. पण जीपवाला कल्याण, तो रोज किती फेऱ्या मारतो कुणास ठाऊक, तो स्टेरिंगवरून उतरला आणि म्हणला, थकतो ना आज्जी. लई थकतो. आणि माझ्याजवळ दगडावर येऊन बसला. मंग उषाबाई बी बसली. जीपमधली माणसं हाका मारून राह्यली, कल्याण उठेना. पुढं कुणी काही विचारलं न्हाई.

काकासाहेब नंतर आला पळत. म्हणला, आज्जी, तुम्ही माझी इज्जत घालवली, मी आता हात जोडून भोकाला नमस्कार करून राह्यलोय! मी म्हणलं, वाईट दिसत न्हाई, त्यातून पलीकडचा कापूस दिसतो. त्यानं डोक्याला हात लावला. निवडणुकीत आमची मतं त्यालाच देऊ असं मी सांगून टाकलं, तेव्हा थोडा थंड झाला. शाळेच्या पोरी बी विचारायला आल्या. त्यांना म्हणलं, ती आली की तिच्याकडून ऐका, नट ठोकला की कसा आवाज येतो ते. पण आधी तिला झोपू द्या.

तुझा तुकडा वाया गेला न्हाई. कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलाय, पाणी बिलकुल गळत न्हाई. तोंड आतल्या बाजूला केलं, म्हणजे तू फक्त कोंबड्यांनाच दिसतेस.

खोटं कशाला सांगू, मला तो फ्लेक्स लई आवडायचा. आज ऊन उतरल्यावर पाय आपोआप तिकडं चालले होते, अर्ध्या वाटेवरून वळले. गुडघ्याला बरंच झालं.

आता ऐक. त्या मॅडमला न्हाई म्हण का हो म्हण, ते तुझं तू बघ. मला त्यातलं कळत न्हाई. पण आज तुला ठरवायचं असेल तर फाट्यामुळं ठरवू नको. फाट्यावर आता काही न्हाई. सप्टेंबरपर्यंत ते लाकूड आहे तोवर नीट ठोक. आठवलं न्हाई तर परत वर जा, गाडी उशिरा सुटू दे, बोलणी बसू दे. पोरं हात वर करून बसतात, त्यांना काय माहीत.

आणि आली तर सरळ आत जा आणि झोप. चार दिवस झोप, महिनाभर झोप. मी दारात बसलेली आहे. कुणी आलं तर मला ऐकूच येत न्हाई.

तुझी आजी